वस्तीचे छायाचित्र : विशेषण, नाम आणि क्रियापद



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. ज्या गुरुवर्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांचे अनेक विद्यार्थी पुढे महाविद्यालयात माझ्या वर्गात आले, आणि शब्द नेमका वापरावा ही त्यांनी लावलेली सवय त्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी पाहिली आहे. आजच्या विषयाची मांडणी मी व्याकरणातल्या तीन संज्ञांच्या आधाराने करणार आहे, ती त्या शिस्तीला स्मरूनच.

विषय असा आहे : शहरातील अनियोजित वस्त्या समजून घेण्याचे साधन म्हणून छायाचित्र. अनियोजित वस्ती कशाला म्हणावे, हे आधी सांगावयास हवे. नगररचनाकाराने जी आखली नाही, पालिकेच्या नकाशात जिची रेषा उशिरा आली किंवा आलीच नाही, परंतु माणसांनी आपल्या ऐपतीप्रमाणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संमतीने जी हळूहळू उभी केली, ती अनियोजित वस्ती. मुंबईत तिला झोपडपट्टी म्हणतात, आपल्या इंदुरात बस्ती म्हणतात. कायद्याने मात्र तिच्या नावाआधी एक विशेषण जोडले. मध्यप्रदेशाचा १९७६ चा अधिनियम ‘गंदी बस्ती क्षेत्रा’चा आहे, आणि महाराष्ट्रात ‘गलिच्छ वस्ती’ हा शब्द सरकारी कागदोपत्री रूढ झाला. भाषेच्या अध्यापकाला येथे थबकावे लागते. वस्तीत कोण राहतो, तो काय करतो, हे कळण्यापूर्वीच ती घाणेरडी आहे हे आपल्याला सांगितले गेलेले असते.

छायाचित्राबद्दल आपली अशी समजूत असते की, ते खोटे बोलत नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅमेऱ्यापुढे जे होते तेच काचेवर किंवा फिल्मवर उतरते, हे खरे. परंतु कॅमेरा कोठे उभा करावयाचा, केव्हा उघडावयाचा आणि ते चित्र कोणाच्या टेबलावर ठेवावयाचे, हे माणूसच ठरवतो. माझे आजचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. गेल्या दीडशे वर्षांत गरिबांच्या वस्त्यांची छायाचित्रे मुख्यतः तीन कामांसाठी घेतली गेली : वस्तीला विशेषण लावण्यासाठी, तेथील माणसाची नाम म्हणून नोंद करण्यासाठी, आणि फार थोड्या वेळा, ती माणसे काय करतात, म्हणजे त्यांचे क्रियापद कोणते, हे जाणून घेण्यासाठी. या तिसऱ्या प्रकारचे एक महत्त्वाचे काम आपल्याच शहरात झाले आहे. त्याची वार्ता आपल्यापैकी थोड्यांनाच असेल, म्हणून मी हा विषय निवडला.

इंदूरचा छायाचित्रणाशी संबंध जुना आहे. लाला दीनदयाळ रुडकीचे शिक्षण संपवून १८६६ मध्ये इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि येथेच १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती धरला. मध्य भारताच्या एजन्सीचे अधिकारी सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. पुढे ग्वाल्हेर, सांची, खजुराहो येथील वास्तूंची त्यांची चित्रे सर लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात आली, आणि हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. दीनदयाळांचे कौशल्य थोर होते, यात शंका नाही. पण त्या काळी आपल्याकडे कॅमेरा राजवाड्याकडे, मंदिराकडे आणि दरबाराकडे तोंड करून उभा असे. वाड्याच्या मागचा बोळ चित्रात येत नसे. तो चित्रात आणला युरोप-अमेरिकेतील शहरांनी, आणि ज्या कारणासाठी आणला ते पाहण्यासारखे आहे.

विशेषण

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात कारखाने वाढले तशी जुन्या भागातील दाटी वाढली. तेथे उंच इमारतींमधून आत जाणाऱ्या अरुंद बोळाला ‘क्लोज’ म्हणत. १८६६ मध्ये ग्लासगो शहर सुधारणा कायदा झाला, आणि या बोळांतील इमारती पाडण्याचा अधिकार विश्वस्तमंडळाला मिळाला. त्या पाडण्यापूर्वी त्यांची नोंद राहावी म्हणून थॉमस ॲनन या छायाचित्रकाराला काम देण्यात आले. १८६८ ते १८७१ या काळात ॲनन यांनी घेतलेली ही चित्रे वस्तीच्या छायाचित्रणाचा आरंभ मानली जातात.

ही चित्रे फार सुंदर आहेत, आणि त्यांचे सौंदर्यच आपल्याला अडचणीत टाकते. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला थर देऊन चित्र घेत. बोळात उजेड थोडा, त्यामुळे कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. भिंती, फरश्या, दोरीवरचे कपडे स्पष्ट उमटले. परंतु जी माणसे जरा हलली ती धुरकट झाली, आणि जी चालून गेली ती मुळीच उमटली नाहीत. दगड राहिले, माणसे पुसली गेली. यात ॲनन यांचा दोष नव्हता, तंत्राची मर्यादा होती. परंतु जे मंडळ इमारती पाडावयास निघाले होते, त्याच्यापुढे माणसांवाचूनची वस्ती ठेवली गेली. ओलसर भिंतीवर विशेषण चिकटवणे सोपे असते. माणूस चित्रात आला की, तो कोठे जाणार, हा प्रश्नही त्याच्याबरोबर येतो.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे. १८७० मध्ये ते अमेरिकेत गेले, स्वतः हलाखीत राहिले आणि पुढे पोलीस वार्ताहर झाले. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पाडण्याची युक्ती निघाली. ती हाती येताच रीस रात्रीच्या वेळी गरिबांच्या खोल्यांत शिरले. भुकटीचा भडका उडे, झोपलेली माणसे दचकून उठत आणि तो दचकलेला चेहरा काचेवर उमटे. एकदा अंध भिकाऱ्यांच्या खोलीत या भडक्याने भिंतीवरच्या चिंध्या पेटल्या. १८९० मध्ये त्यांचे ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’, म्हणजे ‘उरलेले अर्धे लोक कसे राहतात’, हे पुस्तक निघाले. त्याचा परिणाम मोठा झाला. मलबेरी बेंड हा बदनाम भाग पाडून तेथे १८९७ मध्ये बगीचा झाला, आणि १९०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरांसाठी नवा कायदा आला. खिडकी, हवा, शौचालय यांची सक्ती झाली. हे श्रेय रीस यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. परंतु त्याच पुस्तकात इटालियन, ज्यू, चिनी लोकांविषयी जे सरसकट शेरे आहेत, ते आज वाचवत नाहीत. ज्याच्या घरात रात्री न विचारता शिरलो, त्याच्या स्वभावाविषयीही आपण न विचारताच बोलू लागतो, असा हा क्रम आहे.

तिसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळला. मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरे तपासणे, रुग्णांना हलवणे, बंबांनी घरे धुणे, उजेड यावा म्हणून छपराची कौले काढणे, अशी कामे सुरू झाली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवीत. या मोहिमेची छायाचित्रे लष्करातील कॅप्टन सी. मॉस यांनी घेतली व त्यांचे संग्रह तयार झाले. त्यांत अधिकारी, शिपाई, भंगी, रुग्ण, उघडी पडलेली घरे, सारे आहे. तथापि या चित्रांचा कर्ता, व्याकरणातला कर्ता, सरकार आहे. वस्ती ही कर्माच्या जागी आहे. तिच्यावर काही केले जात आहे. ज्यांच्या देवघरापर्यंत बूट गेले त्यांना काय वाटले, हे या संग्रहांत शोधून सापडत नाही. ते २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर झाडलेल्या गोळीत दिसते.

प्लेगच्या पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यात, मांडवीत त्याने दाट वस्ती पाडली, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. आरंभीच्या वर्षांत जितकी माणसे घराबाहेर पडली तितकी नवी घरे ट्रस्टने बांधली नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. एके ठिकाणचे विशेषण उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवले, एवढेच झाले. ग्लासगो, न्यूयॉर्क, मुंबई या तिन्ही ठिकाणी छायाचित्राने घाण दाखवली आणि ती खरोखरच होती. परंतु माणसे तेथे का राहतात, कामाच्या जागेपासून किती पावलांवर राहतात, भाडे किती देतात, हे त्या चित्रांनी सांगितले नाही. आणि त्या अज्ञानावर पाडापाडीचे आराखडे उभे राहिले.

नाम

मराठी साहित्याने या वस्त्यांतील माणसाला नाव दिले, हे येथे अभिमानाने सांगावयास हवे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ १९६३ ची, मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ १९६९ ची, आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. ‘चक्र’ शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, कादंबरीकार झोपडीत शिरतो तेव्हा त्याला दार वाजवावे लागते. कारण पात्राला नाव दिल्यावाचून त्याचे पुढचे वाक्य सुरूच होत नाही.

शासनाला हे सुचले ते निराळ्या कारणाने. ४ जानेवारी १९७६ रोजी महाराष्ट्र शासनाने बृहन्मुंबईतील सार्वजनिक जमिनींवरील झोपड्यांची एका दिवसात गणना केली. गणनेत आलेल्या कुटुंबांना छायाचित्र लावलेली ओळखपत्रे देण्यात आली. मुंबईच्या बोलीत याला ‘फोटोपास’ म्हणतात, आणि पुढे कायद्यातही हा शब्द व्याख्येसह आला. शंभर वर्षे जे छायाचित्र वस्ती पाडण्याची सबब होते, तेच आता वस्तीत राहण्याचा पुरावा झाले. हा फरक लहान नाही. ॲनन यांच्या चित्रात जो माणूस पुसला गेला होता, तो आता चौकोनात सरळ समोर पाहत होता आणि खाली त्याचे नाव होते.

नाव लागले म्हणजे अभय मिळाले, असे मात्र नव्हे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ट्रॉम्बेची जनता कॉलनी हलवण्यात आली आणि हजारो लोकांना चीता कॅम्पमध्ये नव्याने संसार मांडावे लागले. शिवाय पदपथावर राहणारे लोक या गणनेत आलेच नव्हते. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात त्यांच्या झोपड्या उठवल्या गेल्या, आणि त्यातून ओल्गा टेलिस यांचा प्रसिद्ध दावा सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. १९७६ च्या गणनेत आलेल्या आणि ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही निकालात आले. म्हणजे एका जानेवारीच्या दिवशी कोण घरी होते, कोणाचे चित्र निघाले, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरू लागले. त्याच वर्षी मुंबईच्या ‘स्पार्क’ या संस्थेने सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचे नाव होते ‘वी द इनव्हिजिबल’, आम्ही अदृश्य. सारे शहर ज्यांना रोज पाहते त्यांनी स्वतःला अदृश्य म्हणावे, याचा अर्थ उघड आहे : दिसणे आणि नोंदले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पुढे महाराष्ट्रात संरक्षणाची तारीख सरकत गेली. १ जानेवारी १९९५ झाली, नंतर १ जानेवारी २००० झाली. आपल्या मध्यप्रदेशातही १९८४ च्या पट्टा कायद्याने १० एप्रिल १९८४ ही तारीख घातली. त्या दिवशी ज्याचा ताबा असेल त्या भूमिहीनाला पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा मिळावा, अशी ती तरतूद होती. तारीख आली की पुरावा आला. गरिबाच्या पेटीत रेशनकार्ड, विजेचे बिल, शाळेचा दाखला आणि छायाचित्र यांना दागिन्याइतके मोल आले, ते यामुळे.

या लोकांनी स्वतः आपली कोणती छायाचित्रे काढून घेतली, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. मिलच्या भागातून आलेले विद्यार्थी माझ्या वर्गात असत. त्यांच्या घरी गेल्यावर भिंतीवर जे चित्र दिसे ते बहुधा स्टुडिओतले असे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजे, कमानी, बगीचा. पुढे कोरे कपडे घातलेले आईवडील आणि स्टुलावर बसवलेले मूल. ज्या खोलीत ते चित्र टांगलेले असे, त्या खोलीचे चित्र घरात नसे. शिकलेली माणसे या पडद्याला हसतात. मला तो हसण्याचा विषय वाटत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याने जे विशेषण लावले होते, ते या कुटुंबाने पाच रुपये मोजून नाकारले होते. आपले नाम आपल्याला हव्या त्या पडद्यापुढे लिहून घेतले होते. मात्र त्यामुळे एक हानी झाली, ती अशी की, त्यांनी जे घर हातांनी उभे केले त्याची नोंद त्यांच्याकडेही राहिली नाही.

क्रियापद

आता आपण आपल्या शहराकडे वळू. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेचे आचार्य. १८८० च्या दशकात ते सपत्नीक एडिंबराच्या जुन्या भागातील एका कोंदट इमारतीत राहावयास गेले आणि तेथे राहून तिची सुधारणा करू लागले. वस्ती पाहण्यासाठी त्यांनी निवडलेली जागा, म्हणजे कॅमेरा ठेवण्याची जागा म्हणा, वस्तीच्या आत होती. शहरांचे नकाशे, आलेख आणि छायाचित्रे यांचे मोठे प्रदर्शन त्यांनी जमवले होते. ते भारतात आणताना १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका एमडेनने जहाज बुडवले आणि सारा संग्रह समुद्रतळाशी गेला. तरी मित्रांच्या साह्याने त्यांनी तो नव्याने जमवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला मांडला.

होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावले. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहराची आधी तपासणी करावी, मग औषध द्यावे. आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर रोग्याचे जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवून करावी, ही त्यांची शिकवण होती. सरळ रेषेत रस्ता काढून शंभर घरे पाडण्यापेक्षा गल्लीगल्लीतून हिंडावे, पडीक घर कोणते, जागा मोकळी कोठे, झाड कोठे, हे पाहावे आणि थोडे काढून बरेच राखावे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी इंदुरात काढलेली दिवाळीची मिरवणूक त्यांच्या चरित्रांत वर्णिली आहे. ज्या आळीतील घरे उत्तम स्वच्छ व दुरुस्त होतील तिकडून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. लोकांनीच घरे झाडली, रंगवली. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाबरोबर उंदराचाही भला मोठा पुतळा होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. मुंबईच्या प्लेग समितीत आणि या मिरवणुकीत जो फरक आहे तो कर्त्याचा आहे. येथे घर साफ करणारा कर्ता घरात राहणारा माणूस होता.

गेडिस यांच्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी पुन्हा इंदुरात हे काम झाले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील अल्पखर्च गृहनिर्माण गटाने आणि अहमदाबादच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानने मिळून इंदूरच्या बस्त्यांची पाहणी केली. विटोल्ड रिबचिन्स्की, विक्रम भट्ट आणि त्यांचे सहकारी यांचा पहिला खंड १९८४ मध्ये निघाला. त्याचे नाव होते ‘हाऊ द अदर हाफ बिल्ड्स’, ‘उरलेले अर्धे लोक कसे बांधतात’. रीस यांच्या पुस्तकाचे नाव आठवा. राहतात याच्या जागी बांधतात आले, एक क्रियापद बदलले, आणि चौऱ्याण्णव वर्षांनी वस्तीकडे पाहण्याची दिशा बदलली.

या पाहणीत घाणीचे भांडवल नाही. संशोधकांनी मापे घेतली, गल्ल्यांचे नकाशे काढले, छायाचित्रे व रेखाटने जोडली, आणि प्रत्येक ठिकाणी एकच साधा प्रश्न विचारला : येथे लोक काय करतात? उत्तरे पाहण्यासारखी आहेत. घराचा अर्धा व्यवहार घराबाहेर चालतो. ओटल्यावर धान्य निवडले जाते, भांडी घासली जातात, म्हातारी माणसे बसतात, रात्री खाट पडते. तीच जागा कोणाचे दुकान असते, कोणाची शिलाई मशीन तेथे चालते, कोणाची शेळी तेथे बांधलेली असते. गल्ली सर्वत्र सारख्या रुंदीची नसते. ती जेथे रुंदावते तेथे झाड असते किंवा नळ असतो, आणि तेथेच बायकांच्या गप्पा व मुलांचे खेळ असतात. सारखे भूखंड आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आराखड्यांत यांतील बहुतेक गोष्टींना जागाच ठेवलेली नसे. नकाशावर जो गोंधळ दिसतो, तो जवळून मोजल्यास शेकडो लहान तडजोडींची व्यवस्था असते, हे या पाहणीने पुराव्यासह दाखवले.

ओटल्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. आपल्याला तो इतका परिचित आहे की दिसत नाही. उंच जागेवरून काढलेल्या चित्रात छप्पर येते, ओटला येत नाही. अधिकाऱ्याने अतिक्रमण म्हणून काढलेल्या चित्रात तो रस्त्यात घुसलेले बांधकाम म्हणून येतो. गल्लीत, माणसाच्या उंचीवर, सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीनदा चित्र काढले, आणि जवळ मापाची फीत धरली, म्हणजे तो स्वयंपाकघर, कारखाना आणि शयनगृह म्हणून दिसू लागतो. वस्तू तीच असते. चित्र काढण्याच्या पद्धतीने तिचा अर्थ उघडा होतो.

या ज्ञानाचा उपयोग झाला, हे महत्त्वाचे. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी आग्रा-मुंबई रस्त्यालगत अरण्य ही नगरी योजली. सुमारे पंच्याऐंशी हेक्टर जमीन, साडेसहा हजारांवर भूखंड, त्यांतील बहुसंख्य दुर्बल घटकांसाठी. लहान भूखंडावर जोते, शौचालय आणि नळ एवढे द्यावयाचे. उरलेले घर कुटुंबाने सवडीने बांधावयाचे. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखवली, त्यांना ओटले होते, बाहेरून जिने होते. १९९५ मध्ये या योजनेला आगाखान पुरस्कार मिळाला. दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत अरण्यची चित्रे आली. त्या चित्रांतील ओटला इंदूरच्या बस्तीतून तेथे गेला होता.

आपले काम

यावरून काही निष्कर्ष निघतात. एकटे छायाचित्र वस्ती समजावून देऊ शकत नाही. त्याच्या पाठीवर तारीख, जागा, दिशा आणि काढणाऱ्याचे नाव हवे. त्याच्याजवळ माप हवे. ज्याच्या दारात कॅमेरा उभा आहे त्याची परवानगी हवी आणि त्याचे म्हणणेही हवे. आणि त्याच जागेवरून काही वर्षांनी पुन्हा चित्र काढावयास हवे. कारण अनियोजित वस्ती एकदा बांधून पुरी होत नाही, ती बांधली जात राहते. कुडाची भिंत विटेची होते, पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, मुलाच्या लग्नाआधी वरची खोली चढते. या क्रियापदाला भूतकाळ आणि वर्तमानकाळ दोन्ही लागतात, म्हणून चित्रेही दोन तरी हवीत.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आकाशातून उपग्रहही चित्रे काढतो. चित्रांची वाण उरलेली नाही. तरी धोका टळलेला नाही. २०१७ ते २०२३ या काळातील प्रत्येक राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. आपल्या सर्वांना याचा आनंद आहे, आणि तो रास्तही आहे. परंतु ‘स्वच्छ’ हेही विशेषणच आहे. शहराला चांगले विशेषण लागले की, त्यात न बसणारे चित्र काढून टाकण्याचा मोह होतो. ज्यांनी पहाटे रस्ते झाडले ते कोठे राहतात, हा प्रश्न विशेषणाने सुटत नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, आता आपल्याकडे मागणे आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांची थकबाकी मिळण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षांत कित्येक हक्कदार गेले, आणि मिलभोवतीच्या ज्या गल्ल्यांतून पाळीला माणसे जात, त्यांचे रूप पार बदलले. त्या गल्ल्यांची सरकारी छायाचित्रे थोडी असतील. परंतु आपल्या घरी ती आहेत, फक्त आपण त्यांना त्या दृष्टीने पाहिलेले नाही. लग्नाच्या मांडवाच्या मागे गल्ली आहे. मुंजीच्या पंगतीच्या कडेला ओटला आहे. नव्या सायकलीवर बसलेल्या मुलाच्या पाठीमागे पत्र्याचे दार आहे आणि दारावर खडूने लिहिलेला घर क्रमांक आहे. चित्र काढणाऱ्याचे लक्ष तिकडे नव्हते, म्हणून ते सारे तेथे जसेच्या तसे टिकले.

माझी शाळेला विनंती आहे की, ही चित्रे तिने मागून घ्यावीत, त्यांच्या प्रती कराव्यात आणि मूळ चित्रे मालकांस परत द्यावीत. विद्यार्थ्यांनी आजीआजोबांजवळ बसून प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने चार ओळी लिहाव्यात : साल कोणते, गल्ली कोणती, चित्रात कोण आहे आणि ही भिंत कोणी, कशी बांधली. चौथी ओळ विसरू नये. पहिल्या तीन ओळींनी वस्तीला नाव मिळेल. चौथीने तिचा कर्ता कोण, हे कळेल. ज्या पिढीने या भिंती बांधल्या ती आता ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हे काम याच वर्षी हाती घ्यावे.